कोरा रकाना

१

दुपारी दीड ते चार हा माझा वेळ. तेव्हा हे दालमिलवर असतात, सासूबाई पुढच्या खोलीत कूलरसमोर आडव्या झालेल्या असतात आणि माझी लेक भिकू झोळीत असते. आमचं पिंप्राळ्याचं घर दोनच खोल्यांचं. मागच्या खोलीत स्लॅबच्या हुकाला जुन्या साडीची झोळी बांधली आहे. तिची दोरी मी पायाच्या अंगठ्यात अडकवते. पाय हलतो तशी झोळी हलते, आणि दोन्ही हात मोबाईलला मोकळे राहतात.

काम मला स्वप्नील सरांनी दिलं. ते आमच्या मागच्या गल्लीत राहतात, कॉलेजात इतिहास शिकवतात. पूर्वी गावोगावचा कोतवाल वही ठेवायचा, कोण जन्मलं, कोण मेलं. त्या वह्या कचेऱ्यांच्या कपाटात पडून आहेत, वाळवी खाते आहे. सरांनी आणि त्यांच्या मित्रांनी परवानगी काढून त्यांचे फोटो काढले आणि एक साइट बनवली. शिकणाऱ्या पोरांना घरबसल्या अस्सल कागद वाचता यावा म्हणून. मोडीतली पानं सर स्वतः बघतात. बाळबोध अक्षरातली आम्हा चार-पाच बायांकडे येतात. वर पानाचा फोटो, खाली चौकोन. जे दिसतं ते टाइप करायचं.

मी सातवी शिकलेली. पण बचतगटाच्या मीटिंगला सरांच्या घरी गेले होते तेव्हा टेबलावर असंच एक पान पडलेलं होतं आणि दोन बी.ए. झालेल्या पोरी एका शब्दावर अडल्या होत्या. मी वाकून म्हटलं, "देवी आहे ते. देवी येऊन मेला." माझे आजोबा असंच लिहायचे, शिरपूरला. मीसुद्धा त्यांचंच बघून शिकले, म्हणून माझा ल आडवा पडतो. गुरुजी म्हणायचे, "दिपमाला, तुझा ल झोपलाय, उठव त्याला." तो काही उठला नाही.

सरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली.

"ताई, गोष्टी सांगणारे पुष्कळ असतात. हा कागद मात्र साक्षीदार आहे. त्याच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत. चुकलेलं असेल तर चुकलेलं, अर्धं असेल तर अर्धं. जसं आहे तसं."

"आणि काहीच नसेल तर?"

"तर 'कोरे' असं टाइप करायचं. नावाचा चौकोन रिकामा सोडला तर लाल होतो, पान पुढे जात नाही. मेल्याची खबर देणाऱ्याचा रिकामा राहिला तरी चालतो. आणि नीट बघून पाठवा. पाठवलेलं पान तुम्हाला पुन्हा बघता येतं, बदलता येत नाही."

घरी सांगितलं तर हे हसले. "सातवी पास आन् इतिहासकार! मेलेल्यांची मास्तरीण झाली आमची बायको."

मला काम आवडायचं. नाव, बापाचं नाव, वय, कारण. ताप. खोकला. वय साठ. वय तीन महिने. तीन महिन्यांची ओळ आली की माझा पाय आपोआप जोरात हलायचा.

२

भिकूच्या आधी माझी दोन गेली. पहिली आठ दिवसांची, दुसरा पाच महिन्यांचा. दोघांची नावं आम्ही हौसेनं ठेवली होती, दाखलेही लगेच काढले होते. ते दोन दाखले अजून कपाटात आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

तिसऱ्या वेळी सासूबाईंनी सगळं हातात घेतलं. बाराव्या दिवशी त्या पदर पसरून पाच घरी गेल्या, मूठ मूठ दाणे मागून आणले आणि पोरीला त्या दाण्यांवर निजवलं. भीक मागून आणलेली, म्हणून भिकुबाई. महापालिकेच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोरा ठेवायला लावला. नाव नंतरही भरता येतं, खिडकीवरच्या बाईनेच सांगितलं तसं. "पाच वरीस व्हऊ देत," सासूबाई म्हणाल्या. "तवलोंग कोठेच लिखानं नही."

पण बारसं म्हणून आत्यानं कानात काहीतरी सांगायला पाहिजेच. माझी नणंद नूतनताई आली होती. मी तिच्या कानात एक नाव सांगितलं, तिनं ते पोरीच्या कानात सांगितलं, एकदाच. बस. यांनासुद्धा मी सांगितलं नाही, यांचं तोंड ढिलं आहे. नूतनताईला मी शपथ घातली होती.

ते नाव मी सातवीत असल्यापासून जपलेलं होतं, पहिलीच्या वेळी यांच्या आवडीचं ठेवलं म्हणून राहून गेलं होतं. तीनच अक्षरं. वर्षभर मी ते तोंडात घोळवलं, पण ओठाबाहेर काढलं नाही. ते मी इथेही लिहिणार नाही.

अकरा मार्चला भिकू वर्षाची झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी शिरपूर तालुक्यातल्या एका गावाचं पान आलं, सन १९३१. त्यात एक ओळ होती. तारीख ११ मे. नावाचा रकाना कोरा. मुलगी, बापाचे नाव पुना, वय १ वर्ष २ महिने, कारण ताप. खबर देणार, कोरे.

मला 'कोरे' टाइप करायचं होतं. मला माहीत होतं. पण तो रिकामा चौकोन बघून मला वाटलं, त्या पुनाच्या घरातही कुणी सासू असेल. तिनंही सांगितलं असेल, लिहायचं नाही. आणि तिथल्या आईनंही नाव मनात ठेवलं असेल. मग मला फक्त एवढंच बघायचं होतं, की माझ्या पोरीचं नाव लिहिल्यावर दिसतं कसं. वर्षभर ऐकू येत होतं, डोळ्यांनी एकदाही बघितलेलं नव्हतं.

मी ती तीन अक्षरं टाइप केली. छान दिसत होती. चौकोन हिरवा झाला. बघून पुसणारच होते.

तेवढ्यात झोळीतून आवाज आला. "हं?"

आपण कुणाला हाक मारली की ते मागे वळून विचारतं ना, तसं. मी दचकले आणि अंगठा 'पाठवा'वर पडला.

उठून बघितलं तर भिकू झोळीत बसली होती, साडीची कड धरून. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती.

३

एक चूक, कुठल्या गावची, कुठल्या सालची. कोण बघणार? सरांना सांगायचं धाडस झालं नाही, काम जाईल असं वाटलं. पुढची पानं केली. 'कोरे' असेल तिथे 'कोरे'च लिहिलं, दोनदा तपासून.

पण ते "हं" थांबलं नाही. दिवसातून एकदा तरी. भांडी घासताना, भाकरी टाकताना, मागून, "हं?" वर्षाच्या लेकराला कुठला आवाज कुठून येतो तेही नीट कळत नाही, असं मी स्वतःला समजावलं. शेजारी कुकरची शिट्टी होते, बाहेर भंगारवाला ओरडतो. पण तशा आवाजाला ती "हं" करत नव्हती. सगळं शांत असलं, कूलरचं पाणी संपून नुसता पंखा घरघरत असला की करायची. आणि भिकू म्हणून हाक मारली तर आता वळायचीच नाही.

सासूबाईंच्या ते माझ्याआधी ध्यानात आलं.

"कोन बलाई राहिनं व तिले?"

"कुणी नाही, आई."

"मंग ती 'ओ' कोनले देई राहिनी?"

मी पातेलं घासत राहिले.

एप्रिलमध्ये चोपडा तालुक्यातल्या एका गावाचं पान आलं. सन १९३८. बापाचे नाव कौतिक. मुलगी, वय १ वर्ष २ महिने. तारीख ११ मे. कारण ताप. खबर देणार, कोरे.

नावाचा रकाना भरलेला होता. विटलेल्या तपकिरी शाईत, कोतवालाच्या वळणदार अक्षरात, ती तीन अक्षरं.

मी फोटो मोठा करून बघितला, लहान करून बघितला. तोंड धुवून आले, परत बघितलं. त्या काळात खेड्यापाड्यात पोरींची अशी नावं नव्हतीच. चार महिन्यांत मी हजारभर बाया-पोरी टाइप केल्या असतील. सखू, ठकू, बायजा, धुडकी. असलं नाव एकदाही आलं नव्हतं.

मग बोटांवर मोजलं. अकरा मार्च, अकरा एप्रिल, अकरा मे.

४

संध्याकाळी हे आले, पाय धुतले, चहा घेतला. डाळीचा पिवळा भुगा यांच्या भुवयांत असतो, पुसला तरी. उन्हं अजून अंगणात होती. मी मोबाईल पुढे केला.

"हे वाचा जरा. काय लिहिलंय?"

"आता मलाही कामाला लावते का?"

"वाचा तर. मला अक्षर लागत नाही."

"तुला लागत नाही? मग मला काय डोंबल लागणार!" पण घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, डोळे बारीक केले. "तीन अक्षरं आहेत. पहिलं तर..." आणि यांनी एक एक अक्षर जोडत ते नाव मोठ्याने वाचलं. यांना ते माहीत नव्हतं. यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

मागच्या खोलीतून आवाज आला. "हं."

या वेळी ते विचारल्यासारखं नव्हतं. आले, असं म्हटल्यासारखं होतं.

हे हसले. "उठली का गं भिके?" आत जाऊन बघून आले. आले तेव्हा हसत नव्हते.

"झोपलेली आहे," म्हणाले. "झोपेतच बोलली."

"ते कुणाचं नाव आहे माहीत आहे का तुम्हाला?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. यांनी कपातला गाळ फिरवला.

"तुझ्या डोक्यात तेच आहे म्हणून तुला तेच दिसतं."

"वाचलं तुम्ही."

यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "उद्या जाऊन सरांना सांग, आपलं चुकलं म्हणून. आणि सोड हे काम."

५

सरांच्या घरी भिंतभर पुस्तकं आहेत. मी दारातच उभी राहिले.

"या ना ताई, बसा. काय झालं?"

"सर, मार्चमध्ये शिरपूरकडचं एक पान होतं. पुनाची मुलगी. नाव कोरं होतं, आणि मी माझ्या मनानं भरलं. ते काढून टाका. पाया पडते."

सर रागावले नाहीत. लॅपटॉप उघडला. "हे फोटो मी स्वतः जानेवारीत काढलेत, बघू." पान सापडलं. सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "ताई, कोरं कुठे आहे? हे बघा ना. स्पष्ट आहे की." आणि वाचायला तोंड उघडलं.

"सर, मोठ्याने नका वाचू!"

सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मी स्क्रीनकडे बघत होते. त्या ओळीत, जिथे नुसता पिवळा कागद होता, तिथे आता अक्षरं होती. शाई कागदात मुरलेली, मधल्या अक्षरावर वाळवीचं भोक. मी टाइप केलेल्या नावाला वाळवीनं खाल्लं होतं.

"तुम्ही बरोबर वाचलंत," सर समजावत म्हणाले. "भोक असूनही वाचलंत. लहान लेकरू, उन्हाळा, झोप नाही. होतो असा घोळ मनाचा."

"मूळ वही बघाल का, सर? कागदावर?"

ते सज्जन माणूस. मंगळवारी शिरपूरला काम होतं, तेव्हा कचेरीत जाऊन वही काढायला लावली. तिथून फोटो पाठवला. पानाच्या कडेवर सरांचा अंगठा दिसत होता, आणि अंगठ्याच्या वर ते नाव. मागोमाग फोन आला.

"शाई तीच, हात तोच. नव्वद वर्षांपूर्वीचं आहे ताई हे. तुमची खात्री झाली ना आता?"

"सर, ते कोरं होतं."

पलीकडे कुणीतरी कपाट ओढल्याचा आवाज आला. मग सर हळू आवाजात बोलले.

"हे बघा, माणसाची आठवण चुकते. म्हणून तर कागद लागतो. तुमच्या समाधानासाठी साइटवरून ती ओळ काढतो. पण साइट म्हणजे नुसती नक्कल आहे. अस्सल तर हे आहे, माझ्या हातात. याला मीही हात लावू शकत नाही, तुम्हीही नाही."

मी लावला होता. ते त्यांना कसं सांगणार?

६

काम सोडलं. मोबाईलमधून साइट काढून टाकली. पंधरा-वीस दिवस बरे गेले असं म्हणते, पण बरे म्हणजे काय? तारीख जवळ येत होती. कॅलेंडरवरच्या त्या चौकोनाकडे मी बघत नव्हते आणि तो कुठे आहे ते डोळे मिटून सांगू शकत होते.

भिकूचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तपासलं, छाती ऐकली, जीभ बघितली. "दात येतायत, त्यात हे ऊन. पाणी पाजत राहा." उन्हाचं खरं होतं. रस्त्यावर दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

सात मेला सासूबाईंनी मला धरलं. त्या पोरीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि पोरगी त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"खरं सांग. तू लिखं ना?"

मी खाली बसले. "लिहिलं, आई."

"कोठे लिखं?"

"कोतवालाच्या वहीत. जुन्या. मेलेल्यांच्या."

मला वाटलं त्या मारतील, नाहीतर ऊर बडवतील. त्यांनी पोरीला फक्त घट्ट धरलं. "तुले सांगेल व्हतं ना, माय," असं इतकं हळू म्हणाल्या की मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग विचारलं, "खबर कोनी दिनी? तठे खबर देनारनं नाव शे का?"

"नाही. तो रकाना कोरा आहे. दोन्ही पानांवर."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मन्हा बाप कोतवाल व्हता. पितांबर कोतवाल. ती वही मी देखेल शे. लोके दारशी येत, उंबराबाहेर उभे ऱ्हायेत, आन् सांगेत, आमनं अमुक गयं. मंगच बाप लिखे. कोनी सांगाले उनं नही, तं ती ओळ पक्की व्हये नही." त्यांनी पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले. "खबर नही, तं काही नही. ते तसंच ऱ्हाऊ दे. तू आते काहीच लिखू नको. काहीच."

त्या दिवशी मी दोन महिन्यांनी पोटभर जेवले.

७

पण न बघणं जमेना. तिसरं पान आलेलं असेल तर? त्यात तो रकाना भरलेला असेल तर? भरलेला नाही एवढंच बघायचं, असं ठरवून दहा मेला दुपारी मी साइट परत उघडली. भिकूला सकाळपासून कणकण होती. झोळीतून तिच्या अंगाची धग पायाला जाणवत होती, की मला तसं वाटत होतं.

माझ्या नावावर एकच पान बाकी होतं. मौजे पिंप्राळे.

हे पूर्वी गावच होतं. आता रिक्षा, कॉलनी, मोबाईलची दुकानं, पण पानावर मौजे पिंप्राळे. साल जिथे असतं तिथे कागदाला घडी पडलेली होती, वाचता येत नव्हतं. पानावर एकच ओळ होती. बाकी सगळ्या रेघा रिकाम्या.

११ मे. मुलगी. वय १ वर्ष २ महिने. बापाचे नाव नवल.

नवल हे यांचं नाव.

नाव, तीन अक्षरं. कारण, ताप. खबर देणार, कोरे.

कोरे. तो कोरा रकाना मी बोटाने चाचपला, काचेवरून. अजून वेळ होता. आणि तेव्हा माझ्या मनात आलं ते आलं. मी कोऱ्या जागी लिहिलं ते कागदानं घेतलं होतं. म्हणजे कागद माझं ऐकतो. मग मी तिच्या जागी दुसरं नाव लिहिलं तर? सासूबाई म्हणाल्या होत्या काहीच लिहू नको. पण त्या आजी आहेत. मी आई आहे. हातात उपाय असताना मी नुसती बसून राहू?

जसं आहे तसं, सर म्हणाले होते. जसं आहे तसं मला नको होतं.

नावाच्या चौकोनात मी माझं नाव टाइप केलं. दिपमाला. चौकोन हिरवा झाला. घे, म्हटलं. ताप, अकरा मे, जे काय लिहिलंय ते मला. पाठवा.

झोळीतून काही आवाज आला नाही. मी उठून बघितलं. भिकू झोपली होती, तोंड उघडं, कपाळावर घाम. ताप उतरत होता. मी तिच्या पायाला तोंड लावून रडले. यांनी संध्याकाळी खरबूज आणलं, तिनं दोन फोडी खाल्ल्या, रस हनुवटीवरून गळत होता. यांनी तिला "भिकुबाई पाटलीण" म्हणून हाक मारली आणि ती वळून हसली. कितीतरी दिवसांनी भिकू म्हटल्यावर वळली. मी मनात घरातली कामं लावून ठेवत होते, माझ्यानंतर कोण काय करेल. मसाल्याच्या डब्यात काय कुठे आहे तेसुद्धा सासूबाईंना सांगून ठेवलं.

"आसं का सांगी राहिनी?" त्या म्हणाल्या.

"असंच."

८

आज अकरा मे.

सकाळी अंग गार होतं, तिचंही आणि माझंही. मला काहीच होत नव्हतं. साडेनऊला हे गेले. जाताना म्हणाले, "बघ, उगाच जीव खाल्ला दोन महिने." दीड वाजता मी तिला झोळीत घातलं, दोरी अंगठ्यात अडकवली आणि सासूबाई कूलरसमोर आडव्या झाल्या. रोजच्यासारखं.

मला ताप का येत नाही, ते बघायला मी पान उघडलं. पाठवलेलं पान बघता येतं, बदलता येत नाही.

मौजे पिंप्राळे. ११ मे. घडी आता सरळ झाली होती आणि साल वाचता येत होतं. ते मी लिहीत नाही.

नावाच्या रकान्यात तीन अक्षरं. तीच. होती तिथेच.

आणि शेवटच्या रकान्यात, खबर देणार, जिथे काल नुसता कागद होता, तिथे दिपमाला. कोतवालाच्या हातचं नव्हतं ते. शाई जुनी, तपकिरी, पण अक्षर शाळेतलं, सातवीतलं. ल आडवा. झोपलेला.

मी मोबाईल पालथा ठेवला.

"हं," झोळीतून आलं. हळूच. मग दोरी एकदा ताणली गेली, कुणीतरी पलीकडून वाकून उचललं की ताणते तशी, आणि सैल झाली. एकदम सैल. मला दोरीचं वजन माहीत आहे. वर्षभर अंगठ्याला आहे ती.

झोळीच्या कडेवर तिची चार बोटं दिसतात. मला इथून तेवढंच दिसतं. मी उठलेले नाही.

मी ही वही गुडघ्यावर घेऊन लिहिते आहे. सगळं लिहिलं, कारण सरांनी ते मानलं नाही आणि हे कुणीतरी जसं आहे तसं वाचावं. पण झोळीत काय आहे ते लिहिणार नाही. ती ओळ कोरी.

पुढच्या खोलीत कूलर बंद पडला आहे. वीज गेली. घरात आवाज म्हणून नाही.

"पोरगी उठनी का व?" सासूबाई विचारतात.

मी पाय हलवते. झोळी हलते, हलकी, वाऱ्यानं हलावी तशी.

"दिपमाला? काय व्हयनं?"

बांगड्यांचा आवाज येतो. त्या उठतायत. त्या येऊन दारात उभ्या राहतील, उंबऱ्याबाहेर, आणि मला विचारतील. मी तोंड उघडलं की ती खबर होईल. रडले तरी खबर. नुसती त्यांच्याकडे बघितलं तरी.

"बोलस का नही व?"

मी दात दातावर ठेवलेत. खाली वहीत बघते आहे. पाय हलवते आहे.